आधी छप्पर, मग शिवण : केडगावच्या मुक्ती सदनाची वाटचाल

नशिराबादच्या उत्तरेला कोसभरावर भादली स्टेशन आहे. भुसावळ सोडलेली गाडी जळगावला पोचण्याआधी ते ओलांडते. १८९७ च्या सुरुवातीला, नर्मदाकाठच्या मध्य प्रांतात दुष्काळ भरात असताना, तिकडून पुण्याकडे यायचं तर इटारसी, खंडवा, भुसावळ, भादली, जळगाव, मनमाड असाच सरळ लोहमार्ग होता. त्या दिवसांत पंडिता रमाबाई मध्य प्रांतातून पुण्याला मुली आणि बायका आणत होत्या. त्यांतल्या कोणी चालू शकत नव्हत्या, कोणाच्या अंगावर फोड होते, आणि कोणाला तर आपलं नावही धड सांगता येत नव्हतं. केडगावचं मुक्ती सदन याच प्रवासातून उभं राहिलं. म्हणून खानदेशातल्या वाचकाने हा इतिहास परका मानू नये.

तेव्हाचं नशिराबाद भुसावळ तालुक्यात मोडायचं. १९०१ च्या जनगणनेत गावाची वस्ती बारा हजारांवर भरली, आणि काचेच्या बांगड्यांसाठी गावाचं आसपास नाव होतं. १८९६-९७ चा आणि त्यापाठोपाठ १८९९-१९०० चा, असे दोन्ही दुष्काळ खानदेशानेही सोसले. अशा वर्षांत पोटासाठी घराबाहेर पडलेल्या बाईचं काय होतं, हे इथे कोणाला सांगावं लागत नव्हतं. दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलं की मजुरीची किल्ली मुकादमाच्या हातात. नवरा मेलेला किंवा परागंदा झालेला, सोबत तरणी मुलगी. भाकरीच्या बदल्यात काय मागितलं जातं आणि मुली विकत घेणारे दलाल छावण्यांच्या आसपास कसे फिरतात, हे रमाबाईंनी डोळ्यांनी पाहिलं आणि १८९७ सालीच लिहूनही ठेवलं. सरकारी दुष्काळसंहितेत कामाचे तास आणि धान्याचं माप होतं. बाईच्या अब्रूची हमी मात्र त्यातून मिळत नव्हती.

हे पाहायला रमाबाईच का गेल्या, त्याचं उत्तर त्यांच्या आयुष्यात आहे. जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी मुलीला संस्कृत शिकवलं आणि कुटुंब पुराण सांगत देशभर भटकलं. १८७० च्या दशकात उपासमारीने आधी आईवडील गेले, मग मोठी बहीण. भूक माणसाला कुठवर नेते हे रमाबाईंना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. पुढे कोलकात्याला पंडितांनी त्यांना ‘सरस्वती’ पदवी दिली, बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं, आणि १८८२ मध्ये मुलगी मनोरमा तान्ही असताना वैधव्य आलं. त्याच वर्षी पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि शिक्षणविषयक हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन स्त्रीशिक्षिका व स्त्रीडॉक्टरांची मागणी केली.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. लंडनजवळ फुलम इथे ख्रिस्ती भगिनीमंडळाने चालवलेलं, वेश्याव्यवसायातून बाहेर पडलेल्या स्त्रियांचं घर त्यांनी पाहिलं. समाजाने टाकलेल्या बायकांशी इथे कोणी आदराने बोलतं, त्यांना काम शिकवतं, हे पाहून आपण हललो आणि ख्रिस्ती धर्माकडे वळण्यात त्या अनुभवाचा मोठा वाटा होता, असं त्यांनी नंतर आपल्या आत्मनिवेदनात सांगितलं आहे. मग अमेरिका. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि दोन वर्षांहून अधिक राहिल्या. बालोद्यानपद्धती शिकल्या, उद्योगशाळा पाहिल्या, ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ लिहिलं. १८८७ च्या अखेरीस बॉस्टनमध्ये ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली आणि तिने दहा वर्षं पैसे पुरवण्याचं वचन दिलं.

या दहा वर्षांच्या मुदतीचा संस्थेच्या पुढच्या घडणीशी थेट संबंध आहे.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीला रमाबाईंचं शारदा सदन सुरू झालं. विधवांसाठी शाळा आणि वसतिगृह, दोन्ही. दीड-एक वर्षात ते पुण्याला हललं. वाचन-लेखनाबरोबर शिवणटिपण आणि घरकामाचं शिक्षण तिथे होतं. बालपणीच विधवा झालेल्या गोदूबाई जोशी सुरुवातीलाच तिथे आल्या, शिकल्या, आणि १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या. त्यांना आपण बाया कर्वे म्हणून ओळखतो. १८९६ मध्ये कर्व्यांनी सुरू केलेला अनाथ बालिकाश्रम पुढे हिंगण्याला गेला आणि रुजला. एका संस्थेत शिकलेली बाई दुसऱ्या संस्थेच्या पायाशी उभी राहते, याचं एवढं स्वच्छ उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

पुण्यात मात्र वादळ उठलं. सदनातल्या मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात, धर्माकडे ओढल्या जातात, असा आरोप ‘केसरी’ने लावून धरला. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार १८९३ मध्ये बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. या वादाची बाजू आजही लोक आपापल्या श्रद्धेप्रमाणे घेतात. रमाबाई ख्रिस्ती होत्या, पुढे केडगावला उघडपणे ख्रिस्ती संस्था चालवत होत्या, आणि तिथे आलेल्यांपैकी बहुतेक जणी ख्रिस्ती झाल्या, हे लपवण्याचं कारण नाही. ज्या मुलीला घरही नाही आणि भाकरीही नाही, तिच्या धर्मांतरात तिची स्वतःची निवड किती, हा प्रश्न रास्त आहे. पण तो विचारणाऱ्याने एवढंही सांगायला हवं की १८९७ साली त्या मुलींना उचलायला दुसरं कोण गेलं होतं.

बॉस्टनची मदत दहा वर्षांनी आटणार हे गृहीत धरून रमाबाईंनी आधीच पुणे-दौंड मार्गावर केडगाव स्टेशनजवळ शंभरेक एकर जमीन घेतली होती. फळबाग लावायची आणि तिच्या उत्पन्नावर सदन चालवायचं, असा बेत. त्या माळावर दुष्काळ येऊन थडकला.

मध्य प्रांतातून तीनशेच्या आसपास मुली-बायका आणल्या गेल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेग शिरला आणि इतक्या लोकांना शहरात ठेवणं अशक्य झालं. प्लेगच्या इस्पितळात आणि छावणीत बायका सुरक्षित नाहीत, हेही रमाबाईंनी मे १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’ला पत्र लिहून जाहीरपणे मांडलं, आणि त्यावरून सरकारचा रोष ओढवून घेतला. मुली केडगावला गेल्या, तंबूत आणि गवताच्या झोपड्यांत राहिल्या. विहिरी खणल्या, भिंती चढल्या, आणि सप्टेंबर १८९८ मध्ये मुक्ती सदन रीतसर उभं राहिलं. पुढच्याच वर्षी गुजरात-राजपुतान्यात ‘छपनियो’ दुष्काळ पडला. तिकडून शेकड्यांनी आणखी मुली आल्या आणि १९०० पर्यंत आकडा दोन हजारांच्या घरात गेला. एवढ्या माणसांच्या स्वयंपाकाचा नुसता विचार केला तरी दडपण येतं.

या पसाऱ्यात कृपा सदन हा वेगळा विभाग होता. ज्या बायकांचा शरीरासाठी वापर झाला होता, ज्या विकल्या गेल्या होत्या किंवा फसून त्या वाटेला लागल्या होत्या, त्यांच्यासाठी. फुलमला पाहिलेलं घर सोळा-सतरा वर्षांनी केडगावच्या माळावर असं उतरलं. त्याआधी रमाबाई वेश पालटून वृंदावनला जाऊन आल्या होत्या. पुण्य मिळेल म्हणून नेलेल्या विधवा तिथे कशा अडकतात, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं.

केडगावला शिवण शिकवायची म्हणजे काय, याची कल्पना करायला हवी. दुष्काळातून आलेल्या मुलीला पहिल्या दिवशी सुई देऊन उपयोग नाही. हात थरथरतो, डोळ्यांना अंधारी येते, आणि तिला अजून खात्री नाही की संध्याकाळी जेवण मिळेल. कित्येकींचे पहिले महिने नुसते अंग भरून येण्यात आणि जखमा सुकण्यात गेले. मग अक्षरओळख, मग काम. विणकाम, शिवण, भरतकाम, गोठा, शेती, तेलघाणा, धुलाई, भट्टी, पुढे छापखाना. ज्या हाताला जे जमेल ते. अंध मुलींसाठी वेगळं सदन होतं आणि मनोरमाबाईंनी तिथे ब्रेल आणलं. छापखान्यात बायका खिळे जुळवत, छपाई करत, पुस्तकं बांधत.

या लेखाला जे सांगायचं आहे ते इथे आहे. केडगावच्या शिवणविभागाला गिऱ्हाईक शोधत फिरावं लागलं नाही. दोन हजार माणसांना नेसायला लागतं, पांघरायला लागतं, पोलकी-परकर लागतात, आणि दर वर्षी ते फाटतं. माग संस्थेतले, शिलाई संस्थेतली आणि अंगावर घालणाऱ्याही संस्थेतल्याच. शिकाऊ मुलीची टीप वाकडी गेली तरी परकर कोणाच्या तरी अंगावर चढे आणि पुढच्या आठवड्यात तिला पुन्हा कापड मिळे. शिकण्याच्या काळात तिच्या पोटाची, निजण्याची आणि सुरक्षिततेची सोय आधीच लागलेली असे. मुकादम, दलाल किंवा सासरचा कोणी येऊन तिला ओढून नेऊ शकत नसे, कारण भिंत होती. शोषणाच्या कामातून बाई बाहेर पडते ती अशी. शिवणकला त्या घडणीतला एक धागा. बाकीचे धागे नसतील तर तो एकटा फारसं वजन पेलत नाही.

भिंतीची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण जगात अशी घरं बिघडलेलीही आहेत. आयर्लंडमध्ये ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांना मॅग्डालेन धुलाईगृहांत ठेवत. काम हेच प्रायश्चित्त मानून त्यांच्याकडून वर्षानुवर्षं विनामजुरी कपडे धुवून घेतले गेले, आणि १९ फेब्रुवारी २०१३ रोजी त्या देशाच्या पंतप्रधानांना संसदेत माफी मागावी लागली. आपल्याकडे १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याने संरक्षणगृहं आणली. तिथेही शिवणवर्ग हा जणू ठरलेलाच कार्यक्रम होऊन बसला. बाईला तिथे राहायचं आहे की नाही, हे विचारल्याशिवाय तिच्यापुढे यंत्र ठेवलं तर ती शिक्षाच वाटते. तिथून सुटलेली बाई त्या यंत्राकडे वळूनही पाहत नाही.

केडगावनंतर पुण्यात याच वाटेवर दुसरं मोठं पाऊल पडलं ते रमाबाई रानडे यांचं. १९०९ मध्ये पुणे सेवासदन सुरू झालं. तिथे शिवण-भरतकामाबरोबर परिचारिका आणि शिक्षिका घडवण्यावर भर होता. घरात फुकट राबणारी किंवा दुसऱ्याच्या चुलीपुढे झिजणारी विधवा पगाराच्या नोकरीत जावी, असा त्यामागे विचार होता. केडगावचं काम मात्र पंडिता रमाबाईंना त्यानंतर फार काळ पाहता आलं नाही. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई गेल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई. संस्था पुढे चालत राहिली आणि आजही केडगावला ‘पंडिता रमाबाई मुक्ती मिशन’ या नावाने उभी आहे.

शंभर वर्षांनंतर शिवणकाम सोपंही झालं आहे आणि अवघडही. पायडलच्या यंत्रावर पहिल्या दिवशी दोरा न ओवता कागदावर सरळ रेघ मारायला लावतात. पाय आणि हात एका तालात येईपर्यंत कागदच भोकं पाडून घेतो. मग जुन्या साडीच्या तुकड्यावर टीप, मग पिशवी, परकर, झबलं. ब्लाऊज सगळ्यात शेवटी, कारण खरी परीक्षा तिथे. छातीचं माप, खांद्याचा उतार, मुंढ्याची गोलाई, कटोरीचा बेत. यात अर्धं बोट चुकलं तर कापड वाया आणि गिऱ्हाईकही. अस्तर लावणं, काज-बटण, फॉल-पिको ही छोटी कामं सुरुवातीला हातखर्च देतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत ड्रेस मेकिंग आणि सोईंग टेक्नॉलॉजी हे एक वर्षाचे अभ्यासक्रम आहेत. जनशिक्षण संस्थानांचं मूळ १९६७ मध्ये मुंबईत वरळीला सुरू झालेल्या श्रमिक विद्यापीठात आहे. शाळा सुटलेल्यांना अशी कामं शिकवणं हा त्यांचा हेतू. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकामाचा समावेश आहे. त्यात पाच ते सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, रोज ५०० रुपये विद्यावेतन आणि साहित्यासाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. ही चांगली गोष्ट आहे. पण आठवड्याचं प्रशिक्षण हे आधीच शिवणाऱ्याची हातोटी पक्की करायला पुरतं. ऊसतोडीचा कोयता ठेवून आलेल्या बाईला ते पुरणार नाही.

कोयत्याचा उल्लेख सहज आलेला नाही. धुळे, नंदुरबार आणि जळगावच्या चाळीसगाव भागातून दर हंगामाला हजारो जोड्या ऊसतोडीला जातात. कोणी दक्षिण गुजरातेत, कोणी पश्चिम महाराष्ट्रात. हंगामाआधी मुकादम उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, हिशेब नवऱ्याच्या नावे होतो, आणि उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा जावंच लागतं. पहाटे मोळ्या वाहणाऱ्या बाईला सहा महिन्यांच्या शिवणवर्गात बसायला सांगायचं, तर त्या सहा महिन्यांची उचल कोण फेडणार? गावात राहिली तर मुलांना काय घालणार? १८९७ ला रमाबाईंपुढे भुकेचा जो प्रश्न होता, तोच आज कर्जाच्या रूपात उभा आहे. वर्गाची फी माफ करून तो सुटत नाही.

नुसतं शिकवून भागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही नेमकं ओळखलं. कोलकात्यातल्या एका वेश्येच्या खुनाचं अपील फेटाळताना, १४ फेब्रुवारी २०११ रोजी न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि ग्यान सुधा मिश्रा यांनी केंद्र आणि राज्यांना अशा स्त्रियांसाठी व्यवसाय-प्रशिक्षणाच्या योजना आखायला सांगितलं, आणि पुढे त्यासाठी समितीही नेमली. त्या आदेशात शिवणकामाचंच उदाहरण आहे. कपडे शिवायला शिकवणार असाल तर ते विकण्याची सोयही करा, नाहीतर ते पडून राहतील आणि बाई उपाशी राहील, असा त्याचा आशय. केडगावला ज्या गोष्टीची चिंता कधी करावी लागली नाही, तीच आज सगळ्यात मोठी चिंता ठरली आहे.

बाजार म्हटलं की खानदेशात आधी नजर जाते ती शाळेच्या गणवेशाकडे, कारण तो दर वर्षी लागतो आणि गावोगाव लागतो. २०२४ मध्ये राज्य सरकारने ‘एक राज्य, एक गणवेश’ योजना राबवून शिलाईचं काम महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचतगटांकडे दिलं. कापड एकाच ठिकाणी घ्यायचं आणि शिवायचं मात्र गावच्या बायकांनी. कल्पनेत दम होता. शिकलेल्या हातांना खात्रीचं गिऱ्हाईक मिळत होतं. प्रत्यक्षात कापड उशिरा पोचलं, मापं बसली नाहीत, मुलं अर्धं वर्ष जुन्या कपड्यांत राहिली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये गणवेशाचा अधिकार परत शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेला. ओरड झाली ती गणवेशाची. ज्या बायकांनी त्या कामाच्या भरवशावर यंत्रं तेल घालून तयार ठेवली होती, त्यांच्याबद्दल फार कोणी बोललं नाही. आता गावातल्या गटाला हे काम हवं असेल तर एकेका शाळेच्या समितीपुढे जाऊन, नमुना दाखवून, वेळेत देण्याची हमी देऊन ते मागावं लागतं. त्यासाठी शिलाईइतकीच हिशेबाची वही, थोडं भांडवल आणि समितीच्या बैठकीत बाईच्या बाजूने बोलणारं माणूस लागतं.